वडिलांचे / पतीचे नाव

मी चाकणला एका कंपनीत एचआरला आहे. गाडीच्या सीटखाली जो लोखंडी सांगाडा असतो, तो आम्ही बनवतो. एचआर म्हटलं की माझ्या मैत्रिणींच्या डोळ्यासमोर काचेची केबिन, लॅपटॉप आणि गळ्यात लटकवलेलं कार्ड येतं. माझ्याकडे यातलं कार्ड आहे. बाकी आमच्या खात्याला कंपनीत अजूनही सगळे टाइम ऑफिसच म्हणतात. गेटमधून आत आलं की डाव्या हाताला सिक्युरिटीच्या केबिनला चिकटून एक लांबट खोली आहे, तीन टेबलं, दोन कपाटं, एक प्रिंटर आणि उन्हाळ्यात पत्रा तापला की फायलींचा येणारा एक विशिष्ट वास. तिथे मी २०२१च्या जूनपासून बसते.

माझ्या शेजारच्या टेबलावर काका बसायचे. त्यांना सगळी कंपनी काकाच म्हणायची, एमडीसुद्धा. एकतीस वर्षं ते त्याच खोलीत होते. पहिल्या दिवशी त्यांनी मला मॅडम म्हटलं, दुसऱ्या आठवड्यात बाळा म्हणायला लागले आणि तिसऱ्या महिन्यात 'बाळा, तुझं अक्षर चांगलं नाही' असं स्पष्ट सांगितलं.

अक्षराला इथे महत्त्व होतं, कारण आमच्याकडे दर महिन्याला नवी भरती असते. सात महिन्यांच्या करारावर मुलं-मुली येतात. आयटीआय झालेली, बारावी झालेली, नापास झालेली. बीड, जालना, नांदेड, यवतमाळ इथून आलेली, खराबवाडी-नाणेकरवाडीत पाच-सहा जणांत एक खोली घेऊन राहणारी. सात महिने झाले की त्यांना 'ब्रेक' मिळतो. मग काहींना दोन-चार महिन्यांनी परत घेतात, परत नवीन माणूस म्हणून. कायम होण्याचा प्रश्न उठू नये म्हणून हे केलं जातं हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी बोलत नाही. फक्त आमच्या कंपनीत होतं असं नाही, या पट्ट्यात कोणालाही विचारा.

तर एका माणसाच्या जॉइनिंगला चौदा कागद. अर्ज, करारपत्र, पीएफचा फॉर्म ११, पीएफच्या नॉमिनेशनचा फॉर्म २, ग्रॅच्युइटीच्या नॉमिनेशनचा फॉर्म एफ, ईएसआयसाठी कुटुंबाची माहिती, बँकेचा तपशील, ओळखपत्राचा अर्ज, बसचा, कँटीनचा, सेफ्टी ट्रेनिंग मिळाल्याची सही, बूट-हेल्मेट मिळाल्याची सही, नियम वाचल्याची सही (कोणीही वाचलेले नसतात), आणि वरील सर्व माहिती खरी असल्याचं स्वतःचं निवेदन. मी एकदा मोजलं होतं. या चौदा कागदांवर माणसाचं पूर्ण नाव तेवीस वेळा येतं. पत्ता नऊ वेळा. जन्मतारीख आठ वेळा. तीस जणांची बॅच असली की नुसती नावंच सहाशे नव्वद वेळा.

हे लिहिण्याचं काम मुलांना दिलं तर खाडाखोड होते, आणि पीएफला नाव आधारवर आहे तसंच्या तसं लागतं. ज्ञानेश्वर हे नाव इंग्रजीत किती प्रकारे लिहिता येतं हे तुम्ही कधी मोजलंय का? डी-एन-वायने सुरू होणारा, जी-वायने सुरू होणारा, मधला वाय खाल्लेला, शेवटी डब्ल्यूऐवजी व्ही असलेला. आधारवर एक, दहावीच्या मार्कशीटवर दुसरा, पासबुकावर तिसरा. एक अक्षर चुकलं तर पुढे पैसे काढताना माणूस सहा-सहा महिने चकरा मारतो. म्हणून काका सगळ्यांचे सगळे फॉर्म स्वतः भरायचे. समोर मुलाला बसवायचं, आधारची झेरॉक्स बाजूला ठेवायची आणि निळ्या बॉलपेनने कॅपिटल अक्षरांत सुरू. एका माणसाला अर्धा-पाऊण तास. बॅच आली की काकांचे अडीच-तीन दिवस त्यात जायचे आणि माझेही जायचे, कारण उरलेले कागद माझ्याकडे. या कामाला कुठे नाव नव्हतं. माझ्या जॉब डिस्क्रिप्शनमध्ये 'एम्प्लॉयी एंगेजमेंट' होतं, 'टॅलेंट मॅनेजमेंट' होतं. सहाशे नव्वद वेळा नाव लिहिणे असं कुठेच नव्हतं. संध्याकाळी साहेब विचारायचे, आज काय केलंस? त्यावर सांगण्यासारखं काही नसायचं. बोटाला मात्र घट्टा.

हे नवीन नाही म्हणा. आपल्याकडे तर कागदाच्या कामावरून माणसांना आडनावं पडली. फडणीस, चिटणीस, सबनीस, पोतनीस. शेवटचा 'नीस' म्हणजे फारसीतला नवीस, लिहिणारा. कोणाला कोणत्या मायन्याने पत्र लिहायचं हेसुद्धा ठरलेलं असायचं, म्हणजे टेम्प्लेट तेव्हाही होतीच, फक्त हाताने उतरवायची. काकांना मी हे एकदा सांगितलं तर ते म्हणाले, "त्यांना वतनं मिळाली बाळा. मला घट्टाच मिळाला."

२०२३च्या दिवाळीत मला चार दिवस सुट्टी होती आणि मी घरी नारायणगावला बसून हे सगळं बदलून टाकायचं ठरवलं. कोणी सांगितलं नव्हतं. यूट्यूबवर व्हिडिओ बघितले. मी काही इंजिनिअर नाही, बीकॉम आणि मग एमबीए. पण ज्याला डॉक्युमेंट ऑटोमेशन म्हणतात ते मुळात फार सोपं प्रकरण आहे, निदान आमच्या पातळीवरचं. माहिती एकदाच एका जागी घ्यायची आणि ती हव्या त्या कागदावर हव्या त्या जागी आपोआप जाऊन बसेल अशी सोय करायची. मी एक गुगल फॉर्म केला, मराठीत प्रश्न आणि इंग्रजीत उत्तरं. मुलांनी तो गेटवरच आपापल्या मोबाइलवर भरायचा. त्यातून एक शीट तयार होते, एका माणसाची एक ओळ. मग चौदा कागदांची वर्ड फाइल, त्यात नावाच्या जागी नाव नाही, तर 'इथे नावाच्या रकान्यातलं जे असेल ते आण' एवढी खूण. मेल मर्ज. हे वर्डमध्ये कित्येक वर्षांपासून आहे. आमच्या तीनही कॉम्प्युटरवर होतं. कोणी उघडलं नव्हतं.

अर्थात पहिल्या दिवशी ते चाललं नाही. पहिली प्रिंट निघाली आणि काकांनी चष्मा वर करून कागद डोळ्यांजवळ नेला. "हा पोरगा पाच जुलैचा आहे. सात मे कुठून आली?" मेल मर्ज करताना वर्ड तारीख अमेरिकेच्या पद्धतीने आणतं, आधी महिना मग दिवस. तेरा तारखेच्या पुढे जन्मलेल्यांची गडबड लगेच दिसते, बारा तारखेपर्यंतच्यांची दिसतच नाही. त्यासाठी त्या खुणेच्या पोटात एक छोटा कोड लिहावा लागतो. तो सापडायला मला रात्रीचे अकरा वाजले. दुसरी चूक कळायला महिना लागला. एक्सेल पंधरा अंकांपर्यंतच आकडा नीट लक्षात ठेवतं. सोळा अंकी खातं असेल तर शेवटच्या अंकाचं शून्य करून टाकतं, न सांगता. चौघांचे पगार परत आले. चौघंही माझ्या टेबलासमोर उभे, आणि त्यातल्या एकाकडे खोलीचं भाडं द्यायला पैसे नव्हते. मी माझ्या खिशातून दिले आणि तो रकाना 'टेक्स्ट' करून टाकला. हे कोणत्याही व्हिडिओत नव्हतं. किंवा असेल, मी पुढे ढकलत बघितलं असेल.

पण डिसेंबरच्या बॅचला सगळं चाललं. एकोणतीस माणसं, चारशे सहा कागद, चाळीस मिनिटं. प्रिंटर खडखडत होता आणि मी हात बांधून उभी. तो आनंद मी खोटा ठरवणार नाही. मी लिंक्डइनवर टाकलं, 'तीन दिवसांचं काम चाळीस मिनिटांत', खाली हॅशटॅग. माझ्या आजवरच्या सगळ्या पोस्ट मिळून पडले नसतील इतके लाइक पडले. साहेबांनी मीटिंगमध्ये नाव घेतलं. आणि दोन आठवड्यांनी म्हणाले, "आता तुझ्याकडे वेळ आहे तर दुसऱ्या प्लांटचं जॉइनिंगही तूच बघ." म्हणजे वाचलेले तीन दिवस माझ्या हातात साधारण दोन आठवडे होते.

काकांच्या हातात मात्र ते राहिले. त्यांच्याकडे आता फक्त शिक्के मारणं उरलं होतं. जानेवारीच्या बॅचला ते शाईचं पॅड घेऊन बसले आणि कागद समोर सरकतील तसे शिक्के मारत गेले. मुलं समोर येत, खुणेवर सही करत, जात. काका मधूनमधून मान वर करून एखाद्याकडे बघत आणि परत खाली बघत. मी विचारलं, "बरं वाटतंय ना काका, हाताला आराम?" ते म्हणाले, "हाताला आहे." मला वाटलं, रिटायरमेंट जवळ आली की माणसं अशी बोलतात. मेमध्ये ते रिटायर झाले. आम्ही घड्याळ दिलं, नारळ दिला, शाल दिली. त्यांनी कपाटाची किल्ली दिली आणि म्हणाले, खालच्या कप्प्यात माझ्या वह्या आहेत, रद्दीत टाकण्याआधी एकदा बघ. मी हो म्हटलं आणि बघितल्या नाहीत.

ऑगस्टमध्ये वेल्डिंग लाइनवरची एक मुलगी फुल अँड फायनलसाठी आली. तिचे सात महिने संपले होते. तिची ही दुसरी खेप. २०२३ साली एकदा सात महिने करून गेली होती, मग २०२४च्या जानेवारीत परत आली होती. अबोल, काम चोख, सुपरवायझर तिच्याबद्दल कधी तक्रार करायचा नाही. मी फाइल उघडून तिच्यासमोर सरकवली आणि सहीच्या जागा दाखवायला लागले. तिने सही केली नाही. मागची पानं उलटली आणि एका पानावर बोट ठेवलं.

"मॅडम, हे नाव इथं कसं आलं?"

फॉर्म २ होता. नॉमिनीच्या रकान्यात तिच्या वडिलांचं नाव होतं.

"वडिलांचं आहे ना?" मी म्हटलं.

"हो. पण इथं कसं आलं?"

मी तिला सांगायला लागले की हे नुसतं फॉर्मॅलिटीसाठी असतं, आणि माझं मलाच ऐकू आलं की हे खोटं आहे. ते फॉर्मॅलिटीसाठी नसतं. माणूस कामावर असताना गेला तर पीएफचे पैसे ज्याचं नाव तिथे आहे त्याला मिळतात. त्याच्याबरोबर ईडीएलआयचा विमा असतो, आज तो जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत आहे, तोही त्याच नावाला. ग्रॅच्युइटी एरवी पाच वर्षांनंतर मिळते म्हणून आमच्याकडे फॉर्म एफला सगळे हसतात, सात महिन्यांच्या पोरांना ग्रॅच्युइटी कसली! पण मृत्यू झाला तर पाच वर्षांची अट नसते. आणि वेल्डिंग लाइन ही वेल्डिंग लाइन आहे, प्रेस शॉप प्रेस शॉप आहे. हा रकाना कशासाठी आहे हे त्या चौदा कागदांपैकी इतर कुठल्याही रकान्यापेक्षा स्पष्ट होतं.

तिने फार काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाली की हा माणूस आम्हाला टाकून गेलाय, मी चौथीत होते, आईने शेतात मजुरी करून वाढवलंय, आणि मी मेले तर त्याला पैसे मिळणार का? आवाज चढवला नाही. विचारलं, माहिती पाहिजे असल्यासारखं.

"तू सही करताना बघितलं नाहीस?" मी विचारलं. विचारताक्षणी लाज वाटली.

"तुम्ही खूण केली होती तिथं सह्या केल्या," ती म्हणाली.

ते नाव तिथे कसं आलं हे मला पाच मिनिटांत सापडलं, कारण ते मीच लिहिलं होतं. दिवाळीत फॉर्म बनवताना एकतीस प्रश्न झाले होते. मोबाइलवर एकतीस प्रश्न म्हणजे फार, मुलं अर्ध्यात सोडतात, म्हणून मी ते बावीसवर आणले. कमी केलेल्यांपैकी एक प्रश्न नॉमिनीचा. फॉर्म ११ला 'वडिलांचे / पतीचे नाव' लागतंच, ते आलेलंच आहे, मग परत कशाला विचारायचं? मी सूत्र लिहिलं: अविवाहित असेल तर नॉमिनी म्हणजे वडील, विवाहित असेल तर जोडीदार. नातं आपोआप, पत्ता आपोआप, हिस्सा शंभर टक्के. एका ओळीचं सूत्र. लिहिलं तेव्हा मला ते फार हुशारीचं वाटलं होतं. बहुतेकांचं तेच असतं ना, असा विचार केला होता. बहुतेकांचं असतंही.

त्या संध्याकाळी मी काकांच्या वह्या काढल्या. लाल कापडी बांधणीची लाँग बुकं, वर्षाला एक. मला वाटलं होतं आवक-जावक असेल. प्रत्येक पानावर माणसांची यादी होती, पुढे तारीख, टोकन नंबर, आणि उजवीकडच्या समासात पेन्सिलने बारीक अक्षरात काहीतरी. 'चुलत्याकडे राहतो, पत्र गावी नको.' 'घड्याळ कळत नाही, शिफ्ट सांगणे.' 'पासबुक भावाकडे, पगार खात्यात पडला की भाऊ काढतो, नवीन खाते उघडून देणे.' 'डाव्या कानाने ऐकू कमी, प्रेसला देऊ नये असे सुपरवायझरला सांगितले.' २०२३च्या वहीत ती मुलगी सापडली. तिच्या नावापुढे लिहिलं होतं: 'नॉमिनी आई. वडिलांचे विचारू नये.'

मी ती ओळ बराच वेळ बघत बसले. जानेवारीत ती मुलगी परत आली तेव्हा काका तिथेच होते, माझ्यापासून चार फुटांवर, शिक्के मारत. त्यांना हे माहीत होतं. त्यांनी शिक्का मारला तो कागद त्या ढिगात कुठेतरी होता, पण वाचायला त्यांच्याकडे कागद येतच नव्हता, फक्त त्याचा खालचा उजवा कोपरा येत होता. आणि मी त्यांना काही विचारलं नव्हतं.

काकांना फॉर्म भरायला पाऊण तास लागायचा, तेव्हा मी मनातल्या मनात वैतागायचे. नाव लिहिता लिहिता ते विचारायचे, गाव कुठलं, घरी कोण, जेवणाचं काय करतोस, आई काय करते. मला वाटायचं, म्हातारा माणूस गप्पा मारतो. त्या पाऊण तासातली चाळीस मिनिटं खरोखर वाया जाणारी होती, हे मी आजही म्हणेन. तेवीस वेळा नाव लिहिण्यात काही पुण्य नाही. त्यांचा घट्टा खरा होता आणि तो टाळता आला असता. पण उरलेली पाच मिनिटं त्याच चाळीसच्या आत कुठेतरी विखुरलेली होती, वेगळी काढलेली नव्हती, आणि मी सगळंच्या सगळं उचलून फेकलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, सह्या आहेत ना? मी म्हटलं, आहेत. "मग जबाबदारी त्यांची. शिवाय ई-नॉमिनेशन आता ऑनलाइन त्यांनीच करायचं असतं." हे खरं आहे, पोर्टलवर सदस्याने स्वतः करायचं असतं. त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल लागतो, नॉमिनीचा फोटो लागतो, ओटीपी येतो. आमच्या मुलांपैकी निम्म्यांचा आधारला जोडलेला नंबर वडिलांचा किंवा मामाचा, नाहीतर गावातल्या सेतूवाल्याने टाकलेला. किती जणांनी केलं असेल?

शीटमध्ये तोवर एकशे त्रेसष्ट ओळी झाल्या होत्या. मी दोन आठवडे रोज जेवणाच्या सुट्टीत फोन केले. प्रश्न एकच: तुमचा नॉमिनी कोण ठेवायचा? बावीस नंबर बंद होते. बरेच जण म्हणाले, आहे तेच ठेवा. एकोणीस जणांनी दुसरं नाव सांगितलं. एकाचे वडील तो तीन वर्षांचा असताना गेले होते. त्याने 'वडिलांचे नाव' या रकान्यात नाव लिहिलं कारण विचारलं होतं, हयात आहेत का असं कोणी विचारलं नव्हतं. एका लग्न झालेल्या मुलीने आधी विचारलं, हे घरी कळतं का? नाही म्हटल्यावर म्हणाली, मग मुलीचं टाका. एकाचं या सात महिन्यांत लग्न झालं होतं. एक जण म्हणाला, "मॅडम, तुम्ही इन्शुरन्सवाल्या का?" आणि फोन ठेवला.

या फोनांमधून मला आणखी एक गोष्ट लक्षात आली, आणि ती मी साहेबांना सांगितलेली नाही. काका असताना सात महिने संपत आले की साहेबांची आणि त्यांची एक ठरलेली कुरकुर व्हायची. साहेब यादी द्यायचे, काका म्हणायचे, एवढ्यांना काढून परत एवढेच घेणार, परत चारशे कागद कोण करणार, यातले आठ-दहा चांगले आहेत त्यांची तरी मुदत वाढवा. आणि साहेब कधीकधी वाढवायचे. माझ्यादेखत दोनदा वाढवली. कागदाच्या कंटाळ्याने दोघा-चौघांना आणखी सहा महिने मिळाले. मी असं म्हणत नाही की कागद हाताने लिहिले असते तर या पोरांच्या नोकऱ्या टिकल्या असत्या. ब्रेक काका असतानाही होताच. पण आता माणूस काढून नवीन घेणं चाळीस मिनिटांचं काम आहे. ती कुरकुर करायला जागाच उरलेली नाही. बदली माणसं भरण्याचा खर्च मी कमी केला, आणि तो कोणाच्या फायद्याचा होता हे लिंक्डइनवर लाइक देणाऱ्यांपैकी कोणी विचारलं नाही. मीही नाही.

त्या मुलीचा फॉर्म बदलून झाला. ती आता दुसरीकडे आहे, महाळुंग्याच्या बाजूला. तिचा पीएफ नंबर तोच चालतो, यूएएन एकच असतो, म्हणून तिला मी ई-नॉमिनेशनही करून घ्यायला सांगितलं. तिचा मोबाइल आधारला जोडलेला होता. माझ्याच टेबलावर बसून केलं. नॉमिनीचा फोटो मागितला तेव्हा तिने फोनच्या गॅलरीतून आईचा फोटो काढला, कुठल्याशा जत्रेतला, मागे पाळणा होता. पोर्टलला तो चालला नाही, चेहरा नीट हवा. दोन दिवसांनी गावाहून दुसरा आला.

सूत्र मी काढून टाकलं. नॉमिनीचा प्रश्न परत घातला. पण मोबाइलवर मुलं तिथेही घाईघाईत वडिलांचंच नाव टाकतात, कारण वरच्या रकान्यात तेच टाकलेलं असतं आणि कीबोर्ड ते आपणहून सुचवतो. मग मी शीटमध्ये शेवटी एक रकाना वाढवला, त्याला नाव काय द्यावं ते सुचेना म्हणून 'समास' असं ठेवलं. तो मुलांना दिसत नाही. तो मी भरते, आणि तो भरण्यासाठी प्रत्येकाला चार मिनिटं समोर बसवते. प्रिंट काढण्याआधी. तीस जणांचे दोन तास. त्यात काय लिहायचं आणि काय नाही याचा अंदाज मला काकांसारखा नाही. लोकांच्या घरच्या गोष्टी शीटमध्ये ठेवायच्या का, ती शीट उद्या कोण उघडेल, हाही प्रश्न आहेच. पेन्सिल आणि लाल वही एका कपाटात बंद असायची, त्याची किल्ली एकाच माणसाकडे होती. म्हणून नाजूक काही असेल तर मीही आता लाँग बुकात लिहिते. अक्षर अजून चांगलं नाही.

साहेबांनी परवा दारातून बघितलं. "हे काय, ऑटोमेशन केलं ना आपण?"

"केलंय सर. कागद चाळीस मिनिटांतच निघतात."

"मग हे काय चाललंय?"

"जॉइनिंग," मी म्हटलं. ते फोनवर होते, पुढे गेले.

तेव्हा माझ्यासमोर एक मुलगा बसला होता, परभणीकडचा, तोही दुसऱ्या खेपेला आलेला. "मॅडम, मागच्या वेळचंच टाका ना सगळं," तो म्हणाला. मी विचारलं, नॉमिनी कोण? त्याने थोडा विचार केला. मग म्हणाला, आईचं टाकलं तर चालतं का? चालतं म्हटलं. आईचं आधारवरचं पूर्ण नाव काय? तो गडबडला. आईला गावात ज्या नावाने हाक मारतात ते त्याला माहीत होतं, कागदावरचं नाव नक्की माहीत नव्हतं. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या कागदांवर आपल्याकडे वडिलांच्या आधी आईचं नाव लावायचा नियम झालाय, हा मुलगा त्याच्या वीस वर्षं आधीचा.

"लाव फोन," मी म्हटलं.

त्याने स्पीकरवर टाकला. पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"आई, तुझं आधारवरचं नाव सांग."

"कशाला पाहिजे रे माझं नाव?"

"कंपनीत पाहिजे."

"माझं कशाला कंपनीत? त्यांचं लिही की."

"तू सांग गं."

रांगेतल्या मागच्या पोराने घड्याळ बघितलं. पलीकडे पत्र्याचा डबा उघडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ कागदांची सळसळ, आणि मग धाकटी बहीण फोनवर आली आणि आधारवरचं इंग्रजी एकेक अक्षर सुटं करून वाचायला लागली. मी टाइप करत गेले.